पुढच्या काचेवर दव गोठलं तर काय करावं? (तोरणमाळ, डाब आणि आपला खान्देशी हिवाळा)

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. नुकताच तोरणमाळला मुक्काम झाला. संध्याकाळी यशवंत तलावाजवळ फिरताना एक स्वेटर पुरत होता, पण रात्री आभाळ निरभ्र झालं आणि थंडी हाडांत शिरली. सकाळी बाहेर येऊन बघतो तर गाडीचा टप आणि पुढची काच पांढरीफटक. बोट लावलं तर ओलं दव नव्हे, गोठलेलं. नखाने खरवडलं की पांढरा भुगा निघत होता. गंमत म्हणजे दारांच्या काचा नुसत्या ओलसर होत्या, बर्फ फक्त पुढच्या काचेवर.

शेजारच्या गाडीवाल्यांनी अंघोळीचं कढत पाणी बादलीभर आणलं आणि थेट काचेवर ओतलं. टक् असा आवाज झाला आणि खालच्या कोपऱ्यातून वीतभर तडा वर चढला. लहान पोरं बरोबर, पुढे पूर्ण घाट उतरायचा. त्या पोरांच्या माउलीचा चेहरा बघवत नव्हता.

आम्ही ऊन वर येईपर्यंत थांबलो. पण ज्याला सकाळी दवाखाना किंवा रेल्वे गाठायची आहे त्याने काय करावं? आणि बर्फ धरूच नये म्हणून रात्रीच काही करता येतं का? घाट उतरताना आतून काच धुरकट होत होती, तो त्रास वेगळाच. आपल्या भागातल्या लोकांचे अनुभव हवेत. इंटरनेटवर सगळे सल्ले कॅनडाचे आहेत.

भरीतप्रेमी

ऊन येईपर्यंत थांबलात हेच बरोबर केलंत. शेकोटी, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी आणि वर तेल-मिरचीचा ठेचा. नऊ वाजेपर्यंत काच आपोआप साफ. खान्देशी डिफ्रॉस्टर!

निफाडकर

धुळेकरांनी आधी एक मान्य करावं, महाराष्ट्रातली खरी थंडी निफाडची. आमच्याकडे द्राक्षाच्या पानावर दव गोठतं.

पांझराकाठ

@निफाडकर, दरवर्षी आपली दोघांची पेपरात स्पर्धा असतेच. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या नोंदीत पारा ५-६ अंशांवर आला की धुळेकराची कॉलर ताठ होते. पण सातपुड्यातल्या डाब गावाकडे बघितलं की आपण दोघंही हरलो.

अहिराणी_पोऱ्या

कितली थंडी शे भो! आमना गावमा म्हशी बी गोधडी मांगी ऱ्हायन्यात.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

पांझराकाठ, दारांच्या काचा ओल्या आणि पुढची गोठलेली, हे तुम्ही नेमकं टिपलंत. सगळं उत्तर त्यातच आहे.

थंडीच्या लाटेत उत्तरेकडचे कोरडे वारे आपल्याकडे येतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. अशा रात्री जमीन, पानं, पत्रे, काचा आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतात. ढग असते तर त्यातली बरीच परत मिळाली असती. पुढची काच तिरकी, तिचं तोंड आकाशाकडे. दाराची काच उभी, तिच्यासमोर निम्मं आकाश आणि निम्मी भिंत किंवा झाड. म्हणून पुढची काच सगळ्यात जास्त निवते. हवेपेक्षा तीन-चार अंशांनी ती सहज खाली जाते.

पेपरात '४ अंश' छापून येतं ते हवामान केंद्राच्या पेटीतल्या तापमापकाचं, जमिनीपासून माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवरचं. त्याच वेळी गवतावर आणि काचेवर शून्य असू शकतं. '४ अंशाला बर्फ कसा' म्हणून दर हिवाळ्यात लोक भांडतात, त्यांना हे सांगा.

दुसरं म्हणजे थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत खोलगट जागेत साचते. डाबच्या खोऱ्यात किंवा तलावाकाठच्या सखल भागात त्यामुळेच दव आधी गोठतं. तलावामुळे हवेत ओल भरपूर, म्हणजे गोठायला माल तयार.

आता उपाय बघा. गाडी झाडाखाली, पडवीत किंवा नुसत्या पत्र्याच्या शेडखाली लावली तरी काम होतं. शेडला भिंती नसल्या तरी चालतं, कारण आपल्याला काच आणि आकाश यांच्यामध्ये आडोसा हवा आहे, वाऱ्याला अडवायचं नाही. शेड नसेल तर तोंड पूर्वेला करून गाडी लावा. पहिलं ऊन थेट काचेवर येतं. सगळ्यात कडाक्याची थंडी सूर्योदयाच्या आगेमागे असते, त्यामुळे मध्यरात्री उठून पाहिलं आणि काच स्वच्छ दिसली तर निर्धास्त होऊ नका.

केळीवाला_रावेर

मास्तर, हे आम्ही केळीत बघतो. पारा १० अंशाखाली गेला की केळीची वाढ थांबल्यासारखी होते, पोंगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) अडकतो, पानं पिवळी पडतात, थंडीचा चरका बसतो. म्हणून थंडीत रात्री-पहाटे विहिरीचं पाणी देतो, बांधावर ओलासुका पाला पेटवून धूर करतो, घडांना झाकायची पिशवी (स्कर्टिंग बॅग) घालतो. कडेला शेवरी नाहीतर गजराज गवत असलं की बाग सांभाळली जाते.

माझी पिकअप मी बागेच्या मधल्या वाटेवर, पानांच्या छताखाली लावतो. काच कोरडी राहते. घरासमोर उघड्यावर लावली की सकाळी ओलीचिंब. बर्फ आमच्याकडे क्वचित, पण दवाचा त्रास रोजचा.

मिनेसोटाकर_जळगावी

मूळचा जळगावचा, राहतो मिनियापोलिसला. इथे काच गोठणं म्हणजे रोजचं कपाळ. पद्धत सांगतो.

गाडी चालू करायची, ब्लोअरचा झोत पुढच्या काचेकडे, आधी थोडा, मग वाढवत. तेवढ्यात प्लास्टिकच्या खरवडणीने काच साफ करायची. टपावरचा बर्फही झाडायचा, कारण ब्रेक मारला की तो घसरून काचेवर येतो. वॉशरच्या टाकीत साधं पाणी चालत नाही. इथे निळं द्रावण मिळतं, साधारण उणे २९ अंशांपर्यंत न गोठणारं. वायपर रात्री उचलून ठेवायचे.

धातूची पट्टी, सुरी, उलथनं अजिबात वापरू नका. काचेवर ओरखडे पडले की रात्री समोरच्या दिव्यात प्रत्येक ओरखडा चमकतो. काही नसेल तर जुनं प्लास्टिकचं कार्ड धरा. आपल्याकडचा बर्फ पापडीसारखा पातळ, तेवढ्याने निघतो.

गॅरेज_भुसावळ

कढत पाण्याबद्दल आमच्या धंद्यातलं सांगतो. पुढची काच दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवून केलेली असते. त्यामुळे तडा गेला तरी ती जागेवर राहते. दाराची काच वेगळी, एकसंध कडक केलेली. ती फुटली की दाणे दाणे होऊन खाली पडते. पुढच्या काचेवर एका जागी उकळतं पाणी पडलं की तेवढा भाग फुगतो, बाजूचा थंडच राहतो आणि ताण येतो. काच निर्दोष असेल तर कधी निभावतंही. म्हणून लोक म्हणतात, 'आम्ही टाकतो, काही होत नाही.' पण हायवेवर खडी उडून बसलेला बारीकसा टवका ज्या काचेला आहे, तिथून तडा धावतो. आणि धुळे-सुरत रोडवर फिरणाऱ्या गाडीला टवका नाही असं मी फार कमी पाहिलंय. थंडी सुरू होण्याआधी टवका भरून घ्या, काच बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

वायपरचंही लक्षात ठेवा. रबर काचेला गोठून चिकटलेलं असताना बटण दाबलं तर रबर फाटतं, फ्यूज उडतो, कधी मोटरही जाते. रात्री गाडी बंद करायच्या आधी वायपर बंद स्थितीत आणा, नाहीतर सकाळी चावी फिरवली की तो आपोआप ओढायला लागतो.

शहादा_एक्सप्रेस

जीप चालवतो, धडगाव-तोरणमाळ लाईन. हिवाळ्यात भाडं पहाटेच असतं. आम्ही हातपंपाचं पाणी टाकतो. हातपंपाचं पाणी थंडीत कोमट येतं, वाफा निघतात. एक तांब्या वरून सावकाश सोडायचा, लगेच फडक्याने ओढून घ्यायचा. काच साफ. आजपर्यंत तडा नाही गेला.

वैशाली_चोपडा

@शहादा_एक्सप्रेस भाऊ, पण वर तर सगळे पाणी टाकू नका म्हणत आहेत? आणि मीठ टाकलेलं पाणी चालतं का? सासरे म्हणतात मिठाने बर्फ वितळतो.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

वैशालीताई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जमिनीतल्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, म्हणून ते उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं. सातपुड्यात काच शून्याच्या एखाददुसऱ्या अंशाने खाली असते. तिच्यावर उकळतं पाणी म्हणजे शंभराच्या आसपासचा फटका, हातपंपाचं म्हणजे पंचवीसेक अंशांचा. त्यामुळे शहाद्याचे भाऊ करतात ते तोरणमाळला चालून जातं. पण मिनेसोटाच्या उणे वीसमध्ये तेच पाणी काचेवर पडता पडता गोठेल आणि काम दुप्पट होईल. आणि टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी घेऊ नका, ते बर्फाइतकंच गार असतं.

मिठाने बर्फ वितळतो, सासरे बरोबर सांगतात. पण ते पाणी बॉनेटच्या फटीत, वायपरच्या मुळाशी, पत्र्याच्या जोडात जाऊन बसतं आणि गंज धरतं. गाडीला मीठ नकोच.

गॅरेज_भुसावळ

मास्तरांना अनुमोदन. भर एवढीच, टवका असेल तर हातपंपाचंही टाकू नका. आणि फडक्याने ओढून घेणं विसरू नका. भाऊंच्या पद्धतीत खरी गोम तिथेच आहे.

सातपुड्याची_सिस्टर

मी सातपुड्याच्या एका पाड्याजवळच्या उपकेंद्रात नर्स आहे. पहाटे बाळंतपणाचा निरोप आला की काचेवर ऊन येईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून हा धागा माझ्यासाठी फार कामाचा आहे. मी काय करते ते लिहिते.

एका फवाऱ्याच्या बाटलीत दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मागितलं तर लेबल वाचून घ्या, कशाचं आहे ते लिहिलेलं असतं. नुसतं आयसोप्रोपिल उणे ८९ अंशांवर गोठतं, पाणी मिसळूनही आपल्या थंडीत ते पातळच राहतं. काचेवर फवारलं की पांढरा थर मिनिटभरात मऊ होतो, मग प्लास्टिकच्या पट्टीने एका दिशेने ओढायचा. वरून खाली. नाकातोंडात वाफ जाऊ देऊ नका, जवळ बिडी-सिगारेट नको, ते पेट घेतं. बाटली उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवायची नाही. रंगावर सांडलं तर पुसून घ्या.

मिथेनॉल असलेलं स्पिरिट घरात आणूच नका. ते विषारी आहे, आंधळेपण येतं. सॅनिटायझरचा जेलही नको. त्यात घट्टपणासाठी आणि त्वचेसाठी घातलेले पदार्थ असतात, काचेवर चिकट पट्टे राहतात आणि समोरून दिवा आला की काही दिसत नाही.

एक विनंती सगळ्या पर्यटकांना. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून काच गरम करत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, ग्लानी येते आणि माणूस झोपेतच जातो. शेड असेल तर गाडी आधी बाहेर काढा, मग चालू ठेवा.

भरीतप्रेमी

सिस्टर, तुम्हाला सलाम. वर मी थट्टा केली, पण शेगडीचं आमच्या सहलीच्या ग्रुपवर आत्ताच टाकतो.

शुभदा_श्टुटगार्ट (माहेर धुळे)

जर्मनीत राहते. इथे दोन नियम आहेत आणि दोन्ही मला फार पटतात. पहिला म्हणजे निघण्याआधी सगळ्या काचा पूर्ण साफ हव्यात. ड्रायव्हरपुरतं वाटीएवढं भोक करून निघालात तर दंड होतो. दुसरा म्हणजे काच वितळावी म्हणून उभी गाडी चालू ठेवायलाही मनाई आहे. धूर आणि आवाज शेजाऱ्यांनी का सोसावा? त्यामुळे सगळे पहाटे खरवडणी घेऊन उभे असतात.

मी रात्री काचेवर जाड रुपेरी चटई टाकते, तिची दोन्ही टोकं दारात अडकवते. सकाळी चटई ओढली की काच जशीच्या तशी. खरवडायचं कामच नाही.

केळीवाला_रावेर

शुभदाताई, चटई कुठली? आपल्याकडे गोणपाट टाकला तर?

शुभदा_श्टुटगार्ट (माहेर धुळे)

दादा, गोणपाट किंवा सुती चादर नको. ती दव पिते आणि काचेला चिकटून गोठते. ओढायला गेलं की अर्धी हातात, अर्धी काचेवर. पाणी न पिणारं काहीतरी हवं. जाड प्लास्टिक, ताडपत्रीचा तुकडा किंवा उन्हाळ्यात डॅशबोर्डवर लावतो ती रुपेरी शीट. ती आतून न लावता बाहेरून लावायची.

केळीवाला_रावेर

मग ठिबकच्या सामानाबरोबर आलेला जाड प्लास्टिकचा कागद कामाला येईल. खताची रिकामी गोणी मात्र नका वापरू कोणी, आत दाणे राहिलेले असतात, काच घासली जाते.

तळोदेकर

सगळा धागा बर्फावर चाललाय. आपल्यापैकी किती जणांच्या काचेवर दरवर्षी बर्फ धरतो? मला विचाराल तर खान्देशात जीव घेणारी गोष्ट आतली धुरकट काच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊसतोड चालू. पहाटे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशा वेळी आपण तळहाताने काच पुसत पुसत गाडी हाकतो. तळहाताचं तेल काचेला लागतं, समोरच्या गाडीचा दिवा त्यात पसरतो आणि ट्रॉली दिसते ती थेट बॉनेटसमोर. पांझराकाठ यांनी शेवटी एका ओळीत विचारलंय, त्यावर बोला.

सोनगीरचा_सुनील

हीटर लावा, काच साफ. एसी कशाला हिवाळ्यात? डिझेल जळतं.

गॅरेज_भुसावळ

सुनीलभाऊ, इथे मी ठाम आहे. नुसता हीटर लावला की गरम हवा आणखी ओल धरते आणि ती ओल पुन्हा थंड काचेवर जाऊन बसते. विशेषतः आतली हवा आतच फिरवायचं बटण चालू असेल तर. एसीचं काम नुसतं गार करण्याचं नसतं. हवा आतल्या थंड जाळीवरून जाते, तिथे ओल पाणी होऊन गाडीखाली टपकते आणि हवा कोरडी होते. म्हणून एसी चालू, तापमानाचा खटका गरमकडे, झोत पुढच्या काचेवर, आणि हवा बाहेरून घ्यायची. चारही एकत्र. कोरडी आणि कोमट हवा काचेवर आली की धुरकटपणा बघता बघता उडतो. बऱ्याच गाड्यांत काचेचं चित्र असलेलं बटण दाबलं की एसी आपोआप सुरू होतो, तो याचसाठी.

शून्याजवळ गेल्यावर काही गाड्यांचा कॉम्प्रेसर जाळी गोठू नये म्हणून स्वतःच बंद राहतो. डाबला असं झालं तर घाबरू नका. बाहेरची हवा आत घ्या, काच बोटभर खाली करा. डिझेल गाडीचं इंजिन तापायला वेळ लागतो, तोवर हीटर थंडच फुंकणार.

सोनगीरचा_सुनील

आज पहाटे सोनगीर-शिरपूर करून पाहिलं. नुसत्या हीटरने काच दुधाळ, एसी लावल्याबरोबर साफ. पटलं.

वैशाली_चोपडा

मला एक कळत नाही. पावसाळ्यात एसी लावला की काच उलट जास्त धुरकट होते. मग हिवाळ्यात साफ कशी?

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

छान प्रश्न. धुरकटपणा नेहमी काचेच्या ओलसर बाजूला बसतो. हिवाळ्यात आत आपला श्वास, ओल, गर्दी आणि बाहेरून काच थंड, म्हणून थेंब आत धरतात. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट आणि एसीने काच आतून गार केलेली, म्हणून थेंब बाहेर धरतात. तेव्हा झोत काचेवरून काढायचा आणि वायपर फिरवायचा. आधी आतून बोट फिरवून बघा. रेघ उमटली तर ओल आत, नाही उमटली तर बाहेर.

शहादा_एक्सप्रेस

आमच्या जुन्या जीपला एसी कुठला. आत पंधरा माणसं, कोंबड्या, ओली मेथी, लाकडाच्या मोळ्या. आम्ही मागचा पडदा उघडा ठेवतो आणि पुढच्या दोन्ही काचा चार बोटं खाली. पोरं कुरकुर करतात, थंडी लागते. पण काच दिसली पाहिजे. पावसाळ्यात बाहेरून तंबाखू चोळतो, पाणी पसरून जातं, थेंब धरत नाही. आतून शाम्पूची पुडी. फडक्यावर थेंबभर, चोळून कोरड्या फडक्याने चमकवायची. दोन-तीन दिवस जातात.

सातपुड्याची_सिस्टर

शाम्पूला माझाही दुजोरा. स्कूटीवरून जाते तेव्हा हेल्मेटच्या काचेला आतून तेच लावते. दाढीचा फेसही चालतो. पण आधी काच नीट धुवा. नव्या गाडीतल्या प्लास्टिकचा, धुळीचा, अगरबत्तीचा तेलकट थर आतून बसलेला असतो. त्याच्यावर ओल आधी पकडते. घरी काच आतून पुसायचं कोणाच्या लक्षातच येत नाही.

तळोदेकर

+१. आणि ओल आत नेऊच नका. शेतातून ओले बूट, भिजलेली पायपुसणी, भाजीची जुडी हे सगळं डिकीत टाका. पायाखाली पाणी साचलेलं असेल तर रात्री आतूनसुद्धा बर्फ धरतो.

निफाडकर

आमच्या द्राक्षवाल्यांची पिकअप या धाग्याने सुधारली. धुळ्याची थंडी मान्य करतो, या वर्षापुरती.

पांझराकाठ

मंडळी, उशिरा येतोय, कारण शनिवार-रविवार डाबला जाऊन आलो. सोबत मेहुणे, त्यांची मुलगी आणि सासूबाई.

रात्री गाडी लावताना तोंड पूर्वेला. दुकानातून आणलेला ताडपत्रीचा तुकडा पुढच्या काचेवर, टोकं दारात, वायपर उचललेले. शेजारी गावातल्या एका दादांची पिकअप उघडीच होती. सकाळी ताडपत्रीवर पांढरा थर, पिकअपच्या काचेवरही तसाच. ताडपत्री झटकली आणि ओढली, खाली काच नुसती थंड आणि कोरडी. मागच्या काचेवर मात्र काही टाकलं नव्हतं, तिथे बर्फ होता. ती आतल्या तारांचं बटण लावून सोडली, सावकाश रेघारेघांनी वितळली.

पिकअपवाल्या दादांना सिस्टरांच्या फॉर्म्युल्याची बाटली दिली. फवारा मारून प्लास्टिकच्या पट्टीने ओढलं. पूर्ण काच साफ होईपर्यंत त्यांना निघू दिलं नाही. ते आधी भोकातून बघत निघणार होते. खाली उतरताना सूर्य थेट समोर, आणि वळणावर शाळेत निघालेली पोरं. भोकातून ती दिसली नसती, हे त्यांनी स्वतःच म्हटलं.

एक शंका उरली. मागच्या काचेला तारा आहेत, तिथे पट्टी चालते का? आणि वॉशरच्या टाकीत सिस्टरांचं मिश्रण भरलं तर?

गॅरेज_भुसावळ

मागच्या काचेच्या तारा आतल्या बाजूला असतात. बाहेरून प्लास्टिकची पट्टी चालते, आतून कधीच नाही. एक तार तुटली की तेवढी रेघ कायमची धुरकट राहते. आतून पुसायचं झालं तर मऊ फडकं, आणि तारांच्या दिशेने आडवं. काच साफ झाली की बटण बंद करा, बॅटरीवर भार येतो.

टाकीत दोनास एक एवढं कडक मिश्रण भरू नका. पाइपचं आणि पंपाचं रबर त्यासाठी केलेलं नसतं, आणि गरम बॉनेटखाली त्याची वाफ नको. तयार वॉशर द्रावण मिळतं, बाटलीवर किती अंशांपर्यंत चालतं ते छापलेलं असतं, ते भरा. धुळ्या-जळगावात साधं पाणी चालतं. डाब-तोरणमाळला जाणार असाल तर निघण्याआधी टाकीतलं साधं पाणी फवारून संपवा आणि द्रावण भरून दोन-चार वेळा फवारा मारा, म्हणजे नळीत अडकलेलं पाणीही बाहेर पडेल. नळीच गोठली तर टाकीत काहीही भरलं तरी तोंडाशी येत नाही.

शहादा_एक्सप्रेस

आणि जिभाऊ, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेला या भागातून जाणाऱ्या सगळ्यांना सांगा, पहाटे घोड्यांचे टेम्पो आणि उसाच्या ट्रॉल्या एकाच रस्त्याला असतात. आमच्या स्टँडवर आम्ही लाल रेडियमच्या पट्ट्या ठेवल्यात. मागे दिवा नसलेली ट्रॉली दिसली की थांबवून चिकटवून देतो. कोणाला पाहिजे असतील तर स्टँडवर मागा, पैसे घेत नाही.